मिनिटाला वीस श्वास

त्या वॉर्डातले तक्ते कुणा बाहेरच्या माणसानं वाचले असते, तर त्याची खात्रीच पटली असती की जगातला प्रत्येक माणूस मिनिटाला बरोबर वीस श्वास घेतो. न्यूमोनियावाला वीस, पाय मोडलेला वीस, घरी जायला निघून खाटेखाली चपला शोधणारा, तोही वीस. ताप, नाडी, रक्तदाब यांना यंत्रं असतात, त्यामुळे ते आकडे तरी बदलतात. श्वास मात्र माणसाच्या उशाशी पूर्ण एक मिनिट उभं राहून मोजावा लागतो, आणि पंचवीस खाटांना दोन विद्यार्थिनी असल्या की ते मिनिट कुणाकडेच नसतं. म्हणून वीस. हे नर्सिंगच्या पुस्तकात कुठेही लिहिलेलं नाही. पहिल्या वर्षाच्या मुली ते दुसऱ्या वर्षाच्या मुलींकडून शिकतात.

बारकी तेवढी शिकली नव्हती. ती मोजायची. त्यावरून तिची भरपूर टिंगल व्हायची. पण म्हणून तिला लगेच प्रामाणिकपणाचं बक्षीस द्यायला नको, कारण ती मोजायची ती भीतीनं. भित्री तर ती एवढी की कुलूप लावून पायऱ्या उतरली तरी ते ओढून बघायला पुन्हा वर यायची. बारकी हे तिचं घरचं नाव. कॉलेजच्या पहिल्या दिवशी तिची ताई हॉस्टेलच्या फाटकातून सगळ्यांदेखत ओरडली होती, "ए बारके, टॉवेल राहिला!" त्यानंतर खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं.

आई गेल्यापासून बारकीला वाढवलं ते ताईनं. नऊ वर्षं ताई एका कारखान्यात शर्टांच्या कॉलरी शिवत होती, आणि बारकीचं हॉस्टेल नि मेस त्या कॉलरींवरच चाललं होतं. भाऊजी ट्रकवर, आठवड्यातले चार दिवस बाहेरगावी. आता ताईला सातवा महिना लागला आणि तिचा रक्तदाब चढला. डॉक्टरांनी बजावलं, "डाव्या कुशीवर पडून राहायचं. जेवायला नि आंघोळीला तेवढं उठायचं. शिवणाला हात लावलात तर बाळालाही धोका आणि तुम्हालाही."

"मेसचं कसं करायचं गं?" बारकीनं भीतभीत विचारलं.

"मालक रजेचा अर्धा पगार देतोय," ताई म्हणाली. "तू पुस्तकात डोकं घाल. नोकरीचं नाव काढलंस तर याद राख."

ज्या मालकानं नऊ वर्षांत पंख्याचं मोडलेलं पातं बदललं नव्हतं, तो घरी बसलेल्या बाईला पगार देईल? बारकीच्या मनात पाल चुकचुकली. पण ताईला उलट विचारायची तिची छाती नव्हती. या महिन्याचे मेसचे पैसे वेळेवर भरलेही गेले. कुठून, ते कळेना. बारकीनं ताईला न सांगता नोकरी शोधायला सुरुवात केली.

दोन नोकऱ्या हाती लागल्या. पहिली रुग्णालयाच्याच लॉन्ड्रीत, तळघरात, दुपारी दोन ते सहा. यंत्रातून निघालेल्या गरम चादरींच्या घड्या घालायच्या. तिथले लॉन्ड्रीकाका जुने, तोंडाचे फटकळ. पगार ऐकून बारकीनं मनात हिशेब केला : मेसचं भागेल, बसचं भागेल, आणि शेवटी हातात उरतील ते आपलेच हात. दुसरी नोकरी घरपोच सामान पाठवणाऱ्या एका गुदामात, संध्याकाळी पाच ते रात्री अकरा. पगार जवळजवळ दुप्पट. त्यात आपलं भागून ताईच्या बाळंतपणालाही हात लागला असता. दोघांनाही उत्तर शनिवारपर्यंत हवं होतं. लॉन्ड्रीकाका म्हणाले, "शनिवारी चारपर्यंत फोन कर. चार म्हणजे चार." गुदामवाल्यांनी फॉर्म दिला आणि म्हणाले, दोन दिवस येऊन तर बघ.

खोलीतली मैत्रीण उंच म्हणून तिला सगळे लांबी म्हणत. ती खाटेवर पालथी पडून म्हणाली, "एक नोकरी अंगाला परवडते, दुसरी पोटाला. तुझं अंग आहे केवढं, ते आधी आरशात बघ."

"आणि ताई?"

"ताई म्हणतेय ना पगार मिळतोय म्हणून?"

"म्हणतेय."

"मग झालं तर."

पण झालं नव्हतं. इकडे आड, तिकडे विहीर. बारकी मंगळवारी गुदामात गेली. हातात एक यंत्र दिलं. ते कुठल्या फळीवरचा कुठला खोका उचलायचा ते सांगायचं आणि त्याला किती सेकंद उरलेत तेही दाखवायचं. सेकंद संपले की यंत्र कोकलायचं. बारकीसारख्या मुलीला तर ते यंत्र कोकलायच्या आधीच ऐकू यायचं. सहा तास ती पळत होती. हॉस्टेलवर येऊन पाठ टेकेपर्यंत साडेबारा, आणि पाचला पुन्हा उठणं. बुधवारी तेच. पायाच्या पोटऱ्यांना गोळे आले. पण बुधवारी तिथल्या बाई म्हणाल्या, "चांगली चपळ आहेस. शनिवारी फॉर्म भरून आण." शाबासकी कुणाची का असेना, बारकीला बरं वाटलं.

गुरुवारी सकाळी सात वाजता ती वॉर्डात उभी राहिली. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत होतं.

नऊ नंबरच्या खाटेवर एक आजी होत्या. पडून मांडीचं हाड मोडलेलं, पण जीभ शाबूत. सगळ्या विद्यार्थिनींना त्या 'डॉक्टरीणबाई' म्हणायच्या आणि इंजेक्शन दिलं की म्हणायच्या, "आता हात माझा की तुझा?" त्या दिवशी आजी गप्प होत्या. कुठल्याही दिवशी बारकीला हे खटकलं असतं. त्या दिवशी तिला वाटलं, बरं झालं, लवकर आटपेल. नाडी एकशे आठ आली, ती लिहिली. मग ती श्वास मोजायला लागली. आठ, नऊ, दहा, अकरा... आणि उभ्या उभ्या तिचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा घड्याळाचा काटा कुठून निघाला होता ते आठवेना. पुन्हा पहिल्यापासून मोजायला हवं होतं. पुढे सोळा खाटा होत्या. तिकडून कुणी बेडपॅन मागत होतं. बारकीनं पेन काढलं आणि लिहिलं : वीस. कुणी तिचा हात धरला नव्हता. तिनंच लिहिलं.

अर्ध्या तासानं मोठ्या सिस्टर फेरीला आल्या. वॉर्ड त्यांच्या ताब्यात. आवाज कधी न चढवणाऱ्या, म्हणूनच सगळ्या त्यांना टरकून. त्यांनी नऊ नंबरचा तक्ता बघितला, आजींकडे बघितलं, पुन्हा तक्ता बघितला. मग आजींचं मनगट हातात घेतलं आणि एक मिनिट उभ्या राहिल्या. बारकी तीन खाटा पलीकडे होती. एवढं लांबलचक मिनिट तिनं आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"चौतीस," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "ऑक्सिजन आणा. डॉक्टरांना बोलवा. लगेच."

मग पडदे ओढले गेले, चाकं खडखडली, डॉक्टर धावत आले. फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकली असावी, असं कुणी म्हणालं. दहा मिनिटांत खाट आयसीयूकडे गेली आणि नऊ नंबरच्या जागी फरशीचा रिकामा चौकोन उरला.

मोठ्या सिस्टरनी तिला चादरींच्या खोलीत नेलं आणि दार लोटलं.

"किती मोजलेस?"

"अकरा."

"मग अकरा का नाही लिहिलंस?"

बारकीच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"रडायचं नंतर. अकराच्या पुढे काय झालं?"

"झोप लागली."

"काल कुठे होतीस?"

बारकीनं सगळं सांगितलं. गुदाम, ताई, मेस. मोठ्या सिस्टरनी ऐकून घेतलं. 'गरीब बिचारी' असं त्यांच्या चेहऱ्यावर कुठेही आलं नाही, आणि ते एका परीनं बरंच झालं.

"मी शिकत होते तेव्हा सिनेमाच्या तिकीटखिडकीवर बसायचे," त्या म्हणाल्या. "तेव्हा नोकरी करू नकोस असं मी कुठल्या तोंडानं सांगू? कर. पण अशी कर की सकाळी तुला साठ सेकंद मोजता येतील. आजचं मी रजिस्टरला लिहिणार आहे. पुन्हा झालं तर ते प्राचार्यांकडे जाईल, तुझं नाव कमी होईल, आणि मी मध्ये पडणार नाही. समजलं?"

"हो, सिस्टर."

"आणि तू छातीकडे टक लावून बघतेस, ती सवय सोड. आपला श्वास मोजतायत हे कळलं की माणूस शहाण्यासारखा श्वास घ्यायला लागतो. मनगट धरायचं, नाडी बघतेय असं दाखवायचं, आणि श्वास मोजायचा. आपल्या धंद्यात एवढी एक लबाडी माफ आहे."

शुक्रवारचा दिवस बारकीनं कसा काढला ते तिचं तिला माहीत. दर तासाला ती आयसीयूच्या दारापाशी जायची आणि विचारायचा धीर न होऊन परत फिरायची. उत्तर नको असलं की माणूस प्रश्नाच्या आसपासच घोटाळत राहतो. शनिवारी सकाळी लांबीनंच तिला दंडाला धरून तिथे नेलं आणि आतल्या सिस्टरना विचारलं.

"नऊ नंबरच्या आजी? आहेत की. मास्कमधून भांडतायत."

बारकी तिथेच भिंतीला टेकून खाली बसली.

एका गोष्टीचा निकाल लागला, पण दुसरी तशीच होती. गुदामात गेलं तर पुन्हा कुणाच्या तरी नावापुढे खोटे वीस लिहिले जाणार, हे तिला पक्कं कळलं होतं. कॉलेज तर जाईलच, पण त्याआधी एखाद्याचा जीव जाईल. लॉन्ड्री धरली तर ताईच्या हाती काही देता येणार नाही. ताईला खरंच अर्धा पगार मिळत असेल तर लॉन्ड्री पुरे. मिळत नसेल तर? सगळं घोडं तिथे अडलं होतं. आणि विचारून काही कळेल अशी आशा नव्हती, कारण ताई खोटं बोलायची तेव्हा अगदी आईसारखी दिसायची आणि बारकीची बोलतीच बंद व्हायची.

गुदामाचा फॉर्म पिशवीत घालून ती दुपारच्या बसनं निघाली. एरवी ती रविवारी जायची. आज शनिवार.

ताईची खोली दुसऱ्या मजल्यावर. एकच खोली, एका कोपऱ्यात स्वयंपाकाचा ओटा, भिंतीला लोखंडी खाट. बारकीनं दार वाजवलं.

"कोण?"

"मी."

आत खाट करकरली, काहीतरी घसटत ओढल्याचा आवाज आला, पुन्हा खाट करकरली.

"ये गं. दार नुसतं लोटलंय."

ताई डाव्या कुशीवर, शहाण्यासारखी, गळ्यापर्यंत पांघरूण घेऊन पडली होती. बाहेर ऊन मी म्हणत होतं.

"आज कशी उगवलीस?" ताई म्हणाली. "काय गं तोंड एवढंसं झालंय? मेसमध्ये जेवतेस की नुसती पैसे भरतेस?"

बारकी खाटेच्या कडेला बसली. विचारायचे ते सगळे प्रश्न जिभेवर आले आणि तिथेच वाळले. मग तिला सुचलं ते असं :

"हात दे. नाडी बघते."

"बघ बाई. तुझ्या शिक्षणाचा आम्हालाही फायदा होऊ दे."

"बोलू नकोस. मोजताना चुकतं."

ताईचं मनगट तिनं धरलं आणि घड्याळाकडे बघितलं. पांघरूण वर जात होतं, खाली येत होतं. दहा. पंधरा. अजून अर्धं मिनिटही झालं नव्हतं. वीस. पंचवीस. ताई छताकडे बघून हसऱ्या चेहऱ्यानं वाट बघत होती. काटा साठावर आला.

एकतीस.

सकाळपासून पडून असलेल्या बाईचे एकतीस. बारकीनं मनगट सोडलं नाही. हात उलटा केला. तर्जनीच्या टोकावर सुईच्या टोचण्या होत्या, काही जुन्या, एक अगदी ताजी. बाहीला निळ्या दोऱ्याचा तुकडा चिकटलेला होता.

"किती आली नाडी?"

"ताई, पांघरूण काढ."

"थंडी वाजतेय गं."

"घाम आलाय तुला."

बारकीनं पांघरूण ओढलं. खाली निळ्या शर्टांचा ढीग होता, पोटाशी धरलेला. काहींना बटणं लागली होती, काहींना नव्हती. बटणांचा डबा तिच्या गुडघ्यांमागे, आणि सुई उशीत खोचलेली, कानापासून चार बोटांवर.

"रजेचा पगार," बारकी म्हणाली.

"त्या मालकाकडून?" ताई हसली. "अगं, त्यानं कारखान्यातलं काम घरी पाठवलं, हेच उपकार." मग तिचं हसू मोडलं आणि ती उशीत तोंड खुपसून रडायला लागली.

"भाऊजींना माहीत आहे?"

"ते असतात तेव्हा पिशवी खाटेखाली असते. सांगू नकोस. आणि मी काही बसत नाही हं. पडल्या पडल्याच..."

"पडल्या पडल्या बटण लागत नाही. तूच शिकवलंस मला. डोकं दुखतं? डोळ्यांपुढे काजवे चमकतात? पायाला सूज?"

"नाही गं, नाही. कालच दवाखान्यात जाऊन आले. थोडाच वाढलाय, म्हणाले. मघाशी तू दार वाजवलंस आणि धावपळ झाली, म्हणून."

"कशासाठी केलंस हे?"

"तुला नोकरी करायला लागू नये म्हणून. दुसरं कशासाठी?"

बारकीला राग आला. आयुष्यात पहिल्यांदा तिला ताईचा राग आला, आणि त्या रागाच्या भरात तिनं जे ती कधीच सांगणार नव्हती ते सांगून टाकलं. गुदाम, यंत्र, उभ्या उभ्या लागलेली झोप, आजी, चौतीस.

"मी त्यांना मारलं असतं, ताई. तुला काम करायला लागू नये म्हणून. आणि तू इथे बाळाला नि स्वतःला..."

एकमेकींच्या नकळत एकमेकींसाठी जीव द्यायला निघालेल्या या दोन शहाण्या. कुणी तिसरं तिथे असतं तर दोघींच्या एकेक ठेवून दिली असती. पण तिसरं होतं ते ताईच्या पोटात, आणि त्याला अजून बोलायची सोय नव्हती.

शेवटी बारकी उठली. एकेक शर्ट तिनं घडी घालून पिशवीत भरला.

"हे आजच परत देऊन येते. आणि गुदाम नाही. लॉन्ड्री."

"त्यात काय भागणार?"

"हॉस्टेल सोडते. मेस सोडते. इथे राहते. लॉन्ड्रीचे सगळे घरात. रात्री दहाला झोपायचं."

"इथे? जागा कुठे आहे इथे?"

"खाटेखाली. ही पिशवी गेली की होईल."

ताईला रडता रडता हसू फुटलं. "आणि अभ्यास?"

"चादरींच्या घड्या घालायला तोंड लागत नाही. पाठांतर करीन. आणि भाऊजींना उद्या मी सांगणार आहे. तू रागाव, नाहीतर काही कर."

ताई रागावली नाही. बारकीला त्याचीच जास्त भीती वाटली. ताई थकली होती, आणि बारकीनं ते आधी बघितलंच नव्हतं.

चाराला दहा कमी असताना बारकीनं फोन लावला. लॉन्ड्रीत फोनची घंटा वाजत राहिली, वाजत राहिली. यंत्रांच्या घरघरीत ती कुणाला ऐकू जाणार? तुटला. तिनं पुन्हा लावला. चाराला सहा कमी. सातव्या घंटेला कुणीतरी उचलला.

"कोण?"

"काका, मी... घड्यांच्या कामासाठी आलेली."

"ती बारीकशी? घड्याळ बघितलंस का?"

"चार वाजायचेत अजून, काका."

"वाजायचेत म्हणूनच उचलला. सोमवारी दोनला ये. नखं कापून ये, चादरी फाटतात." फोन ठेवला गेला.

सोमवारपासून सकाळी वॉर्ड, दुपारी तळघर, जाता-येता बस, आणि जमिनीवर झोपणं. जमेल की नाही तिला ठाऊक नव्हतं. भाऊजी काय म्हणतील, ठाऊक नव्हतं. ताई खरंच पडून राहील का, हे तर देवालाही सांगता आलं नसतं. ती पुन्हा खाटेच्या कडेला बसली.

"हात दे."

ताईनं डोळे मिटून हात पुढे केला. "नाडी बघायचं नाटक करू नकोस. मघाशी तुझे ओठ हलत होते, आणि ते माझ्या श्वासाबरोबर. मोज काय ते."

बारकी मोजायला लागली. बाहेर जिन्यात कुणाच्या तरी घरचं दार आपटलं, ती हलली नाही. दहा झाले तेव्हा काटा अर्ध्यावर यायचा होता. अठरा. एकोणीस. वीस. काही सेकंद उरले होते. एकवीस. बावीस. साठ.

"किती?"

"बावीस."

"मग वीसच धर की. दोनानं काय बिघडतंय?"

बारकीनं पिशवीतून गुदामाचा कोरा फॉर्म काढला, उलटा केला, आणि त्याच्यावर बावीस लिहिलं. पुढे वेळ घातली, खाली सही केली, आणि ताईचं मनगट पुन्हा हातात घेतलं.